सदूभाऊंचा गरम हौद

सोलापुरात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, त्या काळात आमच्या वरच्या मजल्यावरच्या सदूभाऊंना गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायची हौस आली. न्हाणीत सिमेंटचा हौद बांधला आणि त्यात विजेचा हीटर सोडला. वायरमननं बजावलं होतं, अर्थिंगची तार जमिनीत खोल पुरा. आता वरच्या मजल्यावर जमीन कुठली? पण भाऊ पडले मॅट्रिक पास. त्यांनी ती तार गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरली.

सकाळी त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, तुळशीला पाणी घातलं, ओल्या कुंडीला हात लागला आणि त्या किंचाळल्या. मी पोचलेच. मला बोलावणं लागत नाही.

"पार खांद्यापर्यंत मुंग्या आल्या हो," वहिनी म्हणाल्या.

भाऊ पंचा गुंडाळून हौदात उतरायच्या तयारीत होते. म्हणाले, "अशक्तपणा हाय तुला. अर्थिंग लई पक्कं केलंय मी."

मी म्हटलं, "पक्कंच की. हीटरची सगळी वीज तुळशीनं घेतली, आता हौदाला काय भ्या न्हाई."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तांब्या भरून भाऊंच्या हातात दिला. "पक्कं हाय न्हवं? मग आधी तुळशीला पाणी तुमी घाला, आन् मग उतरा हौदात."

भाऊ ऐटीत निघाले. गॅलरीच्या दारात जरा थांबले, आमच्याकडं बघितलं, आणि मागं फिरून आधी मेन स्विच बंद करून आले.

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या आता. लाकडं आणा खालनं, मी बंब पेटवते."