गेणूतात्यांचा अर्ज

इंदापूरला पंचायत समितीत अर्ज द्यायच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढं प्रयागबाई आणि त्यांच्या गावचे गेणूतात्या बोलत होते.

"वैनी, तुमीबी पान्यासाठीच आलाय व्हय?"

"व्हय तात्या. चार महिनं झालं, वस्तीचा नळ कोरडा हाय. सरपंचानं सगळं पानी सोताच्या डाळिंबाला वळवलंय."

"मीबी त्याचाच अर्ज आनलाय. गाव लुटतोय त्यो!"

"आन मी त्याच्याविरुद्ध उभी व्हते तवा तुमी कुठं व्हता? दोन मतांनी पडले मी. तुमच्या घरात पाच मतं हायत."

"त्यो म्हनला, मत देऊ नका, घरी बसा, तुमच्या मिरचीला पाइप जोडून देतो."

"आन बसला?"

"एका घरानं काय फरक पडतुया, वैनी?"

"माझी सून दीड किलोमीटरवरनं हंडा वाहतीया, त्यो फरक पडलाय!"

"चुकलंच. आता त्यानं माझाबी पाइप तोडला, म्हनून तर आलोय."

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला.

"बोला, सरपंच. आजच जोडताय? बरं, बरं. न्हाय वो, कसला अर्ज? घरीच हाय मी."

फोन खिशात टाकून, आपला अर्ज प्रयागबाईंच्या हातात देऊन तात्या रांगेतनं बाहेर पडले.

"तात्या, आन ह्यो अर्ज?"

"तुमीच द्या. माझं नाव तेवढं खोडा."

प्रयागबाई मागं वळल्या.

"पेन हाय का कुनाकडं?"

मी दिलं. त्यांनी तात्यांचं नाव खोडलं, खाली स्वतःचं लिहिलं आणि दोन्ही अर्ज घेऊन खिडकीकडं सरकल्या.