बिनगाडीचा ड्रायव्हर

…नाही नाही, हसू नका, तुम्हाला सांगतो, ड्रायव्हर मी सरकारी, लायसन पक्कं, अंगावर खाकी, तीसुद्धा दर वर्षी नवी शिवून मिळते, आणि गाडी? गाडी नाही! एक्याऐंशी साली जिल्हा फोडून दोन केले की नाही, तेव्हा आमच्या आरोग्य केंद्राची जीप नेमकी दुरुस्तीला गेलेली, आणि गेलेली ती जुन्या जिल्ह्यात, ती तिकडचीच झाली! कागद वाटले, कपाटं वाटली, माणसं वाटली… ड्रायव्हर नव्या जिल्ह्याला, जीप जुन्या जिल्ह्याला! भावाभावांच्या वाटणीतसुद्धा असं कोणी करत नाही हो! आता ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

चार वर्षं बसलो बाकावर. येणारा-जाणारा विचारणार, ‘काय धोंडू, गाडी खंय आसा?’ अरे मेल्यांनो, कालपण नव्हती, आज काय फणसासारखी लागणार आहे झाडाला? घरी जावं तर बायको, आमची दुर्गा, ती तर… ‘सरकारान तुमका शोभेक ठेवल्यान!’ पोरं भाताच्या मळ्यात राबतात, मी कडक इस्त्री करून बसायला जातो, लाज वाटत नसेल मला? वाटते हो, खूप वाटते!

आणि मग तपासणीचं पथक आलं, थेट मुंबईहून! खर्च बघणार, माणसं बघणार, कोण काम करतो, कोण बसून खातो, सगळं बघणार. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आता कोणीतरी विचारेल, बाबा रे, तू असा का बसलास? तीन साहेब उतरले, जीपमधून. कोरी करकरीत जीप! मी हळूच तिच्या बॉनेटवरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मोठे साहेब खुर्चीत बसले. चष्मा वर, नाक खाली. ‘ड्रायव्हरचं पद?’ भरलेलं, साहेब. ‘उत्तम!’ अहो, उत्तम काय? मी म्हटलं, साहेब, पण जीप… ‘वाहनांचा विभाग वेगळा. आम्ही पदं आणि खर्च बघतो.’ बरं! पुढे सामानाच्या यादीवरून बोट फिरता फिरता थांबलं. ‘गाडी पुसण्याचं फडकं एक. गाडी नसताना फडकं कशाला?’ तुम्हाला सांगतो, अख्खी जीप हरवली ती दिसली नाही, वीतभर फडकं दिसलं! अर्धा तास फडक्यावर! शिरा पडली त्या फडक्यावर! आता ह्यात माझं काय चुकलं?

मग जेवणं. बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी… साहेबांच्या ड्रायव्हरनं ताणून दिलेली फणसाखाली, असा घोरतोय! आणि एवढ्यात बैलगाडी आली. गाडीत सत्यवानाची बायको तुळसा, पहिलटकरीण, पहाटेपासून कळा, ओठ काळेनिळे. डॉक्टरांची जागा तर शिमग्यापासून रिकामी. आमच्या काशीबाई सिस्टर, चाळीस गावं बाळंत केलेली बाई, त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. ‘धोंडू, पोर आडवा आसा. ह्या माझ्या हातचा नाय. मालवणाक हॉस्पिटलात न्हेवक व्हया, आत्ताच!’

यष्टी गेलेली. बैलगाडीनं न्यायची म्हणजे दिवस मावळणार, आणि तुळसा तोपर्यंत… नको ते बोलणं. मी धावत साहेबांकडे. साहेब, तुमची जीप द्या, बाई मरेल! साहेब हात पुसत पुसत म्हणतात, ‘भावना समजतात हो आम्हाला. पण हे तपासणीचं वाहन. ह्यातून रुग्ण नेला तर ते डिझेल कुठल्या सदरात दाखवायचं? रीतसर अर्ज द्या, विचार करू.’

अर्ज! आत तुळसा ओरडत्येय, सत्यवान भिंतीवर डोकं आपटतोय, आणि ह्यांना अर्ज! माझी सटकली. बघतो तर चावी गाडीलाच. सत्यवानानं आणि मी तुळसाला उचलली, मागे घातली, काशीबाई चढल्या, आणि मी, चार वर्षांनी, चार वर्षांनी हो, स्टेअरिंगवर बसलो! पहिला गिअर पडेना. गाडीनं अशी उसळी मारली की काशीबाई छताला! आणि तुळसा, मरणाच्या कळा सोसणारी ती पोर, मागून विचारत्येय, ‘धोंडूदादा, तुमका खराच गाडी चलवक येता मां?’ येता गो बाये, येता! मागे साहेब हात हलवत धावतायत, मला वाटलं निरोप देतायत, मीपण हात केला!

पोचलो. पोटावर शस्त्रक्रिया केली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. काशीबाईंनी ते पोर माझ्या हातात दिलं तेव्हा मी ढसाढसा रडलो, खोटं कशाला सांगू.

परत आलो तर साहेब लोक व्हरांड्यात, डासांनी फोडलेले, माझ्या नावानं शंख करतायत. आणि पुढच्याच आठवड्यात खुलासा मागवला! विनापरवाना सरकारी वाहन नेलं! अहो, चार वर्षं बसून पगार खाल्ला, कोणी चकार शब्द काढला नाही, एक दुपार काम केलं तर थेट निलंबित? आता ह्यात तरी माझं काय चुकलं, सांगा ना!

बरं, निलंबित माणसानं गाव सोडायचं नाही, रोज हजेरी द्यायची. म्हणजे मी परत बाकावरच. आणि वरून हुकूम आला की ड्रायव्हर निलंबित झाल्यामुळे रुग्णांची गैरसोय होऊ नये… ऐका, ऐका… म्हणून त्याच्या जागी ताबडतोब दुसरा ड्रायव्हर! परवा आला. विजयदुर्गाकडचा तरणाबांड पोरगा, खाकीला अजून घडीची रेघ. इकडे बघतो, तिकडे बघतो, आवाराला एक वळसा घालून आला, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सरकलो, त्याला जागा करून दिली. म्हटलं, बस रे बाबू. दुपारी ऊन ह्या बाजूनं येता, तेव्हा त्या टोकाक सरकायचा. बाकी काम असा काय नाय.