परतीची स्प्रिंग

तान्हा नुकता झोपला होता, आणि शकूच्या हातून दुधावरचं झाकण खणकन पडलं. ती जागीच थबकली. बाळ हललं नाही; खिडकीखालच्या गॅरेजातलं बोलणं तेवढं वर आलं. चार वर्षांची नलू गजांना नाक लावून ऐकतच होती.

"मिस्त्री, फटफटीच्या साइडकारची स्प्रिंग अगदी नरम करा. उद्या बायकोला भाऊच्या धक्क्यावर न्यायचंय. बोटीनं माहेरी चाललीय."

"वैनींचं वजन सांगा. तेवढं वाळूचं पोतं ठेवून बघतो."

"सव्वाशे पौंड होती."

"होती म्हणजे?"

"परवा डॉक्टरांच्या काट्यावर ब्याण्णव भरली. छातीचं दुखणं."

"बरं... आणि सामान?"

"एक ट्रंक. दोनच लुगडी घे म्हटलं, तर लग्नातला शालूही घेतला तिनं."

"घेऊ द्या की! मात्र रे रोडला हळू हाका. परवाच्या मोर्च्यातले दगड अजून तसेच पडलेत."

"ढकलत नेईन, पण धक्का बसू देणार नाही."

"आणि वैनींना परत आणायच्या आधी गाडी इथं आणा. स्प्रिंग कडक करावी लागेल."

"ती कशाला?"

"गावचं म्हावरं खाऊन सव्वाशेच्या वर जातील त्या. ही नरम स्प्रिंग पार खाली बसेल!"

"आणीन हो, मिस्त्री. नक्की आणीन."

नलूनं शकूचा पदर ओढला.

"आई, किती पौंड झाल्या की त्या काकू परत येणार?"