बारा नंबरची तार

हॅलो? …हॅलो, ताई? …अगं मोठ्याने बोल, इथे यंत्र चालू आहे! …पोचलो, पोचलो. दुकानातच उभा आहे. …आहेत. बारा नंबरचे, जाड. हातात घेतले तर खिळा धरल्यासारखं वाटतं. …नाही, घेतले नाहीत अजून. माप हवंय. …अगं, मापाशिवाय काय मूठभर उचलून आणू? कोथिंबीर आहे का ती?

सायकलींच्या मिस्त्रीने फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला आणि गल्ल्याला पाठ केली. दुकान लांबट होते, आणि मागच्या टोकाला एक वयस्क कारागीर यंत्रापाशी तारेचे भेंडोळे मांडीशी घेऊन बसला होता. सांगाल त्या लांबीला तो तार तोडी, एका टोकाला वळवून डोके काढी आणि दुसऱ्या टोकाला आटे पाडी. एकदा आटे पडले की तो स्पोक गिऱ्हाइकाचा. मग चुकीच्या लांबीचा निघाला तरी कोणी परत घेत नसे. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. रविवार असल्यामुळे दुकान एकला बंद होणार होते आणि उघडणार होते थेट मंगळवारी.

…हो गं, माहीत आहे. उद्या आठ. …आठ म्हणजे आठ, आठ वाजून एक मिनिट नाही. त्या कारखान्याच्या पत्रात काय लिहिलंय ते मला पाठ झालंय. हजर झाले नाहीत तर यादीतला पुढचा. …मग मी इथे काय हवा खायला आलोय का? …नाही, चिडलो नाही. …बरं, चिडलो.

दोन वर्षांपूर्वीच्या अपघातात बहिणीच्या नवऱ्याच्या पायांतली शक्ती गेली. त्यानंतर उद्या तो पहिल्यांदा कामावर जाणार होता; सुट्या भागांच्या कारखान्यात, तपासनीस म्हणून. हाताने फिरवायची तीनचाकी मिस्त्रीनेच गेल्या वर्षी त्याच्यासाठी बांधली होती. आज सकाळी रस्ता आजमावून पाहावा म्हणून तो कोपऱ्यापर्यंत गेला, आणि मागच्या एका चाकाचे पाच स्पोक एकामागून एक फटाफट तुटले. शेजारच्या दोघांनी त्याला उचलून घरी आणले. उद्याही असेच पाठीवर घेऊन कारखान्यात सोडू, असे ते भल्या मनाने म्हणाले.

नमुना? …आणलाय ना. पण मोडका. …हो, माझीच घाई, हाताला लागला तो उचलला. वळणाशी तुटलाय, डोकं चाकाच्या मधल्या हबमध्येच राहिलंय. …म्हणून तर तुला फोन केला. चाक कुठे आहे? …घे मांडीवर. …मळू देत कपडे, धुता येतात! टायर मी काढूनच ठेवलाय. आता जो धड आहे असा एक स्पोक निवड. …कोणताही. …रिमच्या आतून निपलचं, म्हणजे स्पोक ज्यात आवळतो त्या छोट्या नळीचं, डोकं दिसतंय? त्याला खाच आहे. …स्क्रू ड्रायव्हर लाव त्यात. …शिवणयंत्राचा चालेल, चालेल. …सैल होतोय? …हळू. …आला? पूर्ण? वाकडा नाही ना केलास? …शाबास.

…आता ऐक. वळणाच्या आतल्या बाजूपासून धरायचं. डोकं मोजायचं नाही. …डोकं म्हणजे ते चपटं टोक, टाचणीला असतं ना, तसं. …तिथून थेट आटे संपतात तिथपर्यंत. …सावकाश घे.

…किती? …सत्तावीस पूर्णांक नऊ. म्हणजे दोनशे एकोणऐंशी मिलिमीटर. …नक्की ना? …शंका नाही घेत गं, दुसरा एक काढून बघ. …तोही तेवढाच? …वहीत लिहिलंस? …मग झालं.

काका, दोनशे एकोणऐंशी! …बत्तीस, अख्ख्या चाकाचे. पण आधी एकच काढा. …एकच म्हणतोय मी. …तुमची वेळ मला कळते हो, पण माप चुकलं तर बत्तीसही माझ्याच गळ्यात पडतील. एक काढा.

यंत्र दोनदा करकरले. कारागिराने अजून कोमट असलेला स्पोक पुढे केला. मिस्त्रीने खिशातला मोडका तुकडा त्याच्या शेजारी धरला, आट्यांची टोके जुळवली, आणि वरची टोके पाहताच त्याचा चेहरा उतरला.

ताई… थांब. …काका, हात थांबवा! थांबवा म्हणतो ना!

…अगं, कमी नाही, जास्त आहे. …तू खोटं सांगतेस असं कोण म्हणालं? …माझ्या हातात मोडका आहे ना, तो दोनशे बासष्ट भरतो. त्याला कमी काय आहे? नुसतं वळण. नखाएवढं. आणि तुझं माप त्याच्यापेक्षा बोटभर लांब. नखाचं बोट कसं झालं मला सांग. …वीस वर्षं मापं घेतेस, मान्य. साऱ्या गल्लीच्या अंगावर तुझं माप आहे, तेही मान्य. पण पट्टी कशी धरलीस ते सांग. …बरं. …वळणाच्या आतून, बरोबर. …आट्यांपर्यंत, बरोबर. …मग? …मग वहीत लिहिलंस. …काय लिहिलंस? …नाही, नाही, पट्टीवर काय दिसलं ते सांग आणि वहीत काय लिहिलंस ते वेगळं सांग. …आणि हे वरचे दीड सेंटीमीटर कशाचे?

…मायेचे?

अगं बाई! माया कापडाला सोडतात, शिवणीत जाते म्हणून! तारेला कोण शिवणार आहे? …सवयीने, हो, हात आपोआप लिहून गेला… दोन्हींत? दोन्हींत माया धरलीस? …जास्त असलेलं बरं? नाही गं, इथे नाही बरं! लांब झाला तर निपलमधून वर निघून ट्यूबमध्ये घुसेल. कारखान्याच्या दारापर्यंत पोचायच्या आत चाकातली हवा जाईल. …रडू नकोस. …ताई, रडू नकोस, माझाच आवाज चढला. एकच फुकट गेलाय, बत्तीस गेले असते तर आपण दोघं मिळून रडलो असतो.

…मग वजा जाता दोनशे चौसष्ट. …वाटतं? 'वाटतं' नकोय मला. तुझी पट्टी कापडी, ती ताणते. दाजींची ती स्टीलची पट्टी कुठे आहे, अपघाताआधीच्या नोकरीतली? …त्यांच्या उशाशी? मग माग ना. …का? …भिंतीकडे तोंड करून? सकाळपासून? …काहीतरी बोलले असतील.

…काय म्हणाले?

…'माझ्या वजनानेच मोडतंय'?

मिस्त्री एक पाऊल मागे सरला. पाठ फळीला लागली आणि फळीवरच्या घंट्यांपैकी एक उगाच वाजली.

…कधीपासून? …तीन महिने! रात्रीचं जेवतच नाहीत? …पहिला स्पोक तुटला तेव्हापासून. …दुपारीही अर्धीच पोळी. …आणि तू हे मला आज सांगतेस? …त्यांनी शपथ घातली. …हो. …हो, ऐकतोय. …नाही, गप्प नाही झालो. …अगं ऐक ना, ताई, मला तुला एक— …कोण? …उठले? कोण, दाजी उठून बसले?

…दाजी. …हो, मीच. …सगळं ऐकलंत का? …हो, मायेचं पण. हसलात का? …नाही हसलात. …पट्टी घेतलीत? …घ्या, स्पोक ताईच्या हातात आहे. …थांबतो.

…दोनशे चौसष्ट. …बरोब्बर! मोडक्याचे बासष्ट आणि वळणाचे दोन, जुळलं! …आटे धरून ना? …चुकलो, तुम्हाला हे कोण विचारणार. काका, लिहा, दोनशे—

…काय म्हणालात? …जाडी? जाडीचं काय करायचंय, जाडी मी इथे बघून…

…दोन.

…दोन मिलिमीटर. …हो. बरोबर मोजलीत.

बारा नंबरची तार अडीच मिलिमीटरांहून जाड असते. ते ज्याला ठाऊक नाही त्याच्या डोळ्यांना हा फरक दिसणार नाही. परंतु ज्याने अर्धे आयुष्य मापात घालवले, त्याच्या चिमटीत तार आली की तिला खोटे बोलता येत नाही. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले.

…चौदा नंबर आहे तो, दाजी. …तीनचाकी बांधली तेव्हा बाराच म्हणालो होतो, हो. …नाही, मला कुणी फसवलं नाही. …आपल्याकडे मिळत नव्हते. इथवर यावं लागलं असतं. ताईने दिवस धरला होता, तुम्हाला बाहेर उन्हात आणायचा… नाही. ताईवर ढकलत नाही. …माझा एक दिवस वाचत होता. एवढंच. दुसरं कारण नाही.

…ऐका. दाजी, ऐका ना. तुमच्या वजनाचा यात काही संबंध नाही. चौदा नंबर साध्या सायकलीला. तीनचाकी वळताना सगळा भार आडवा येतो, तो या तारेला झेपतच नाही. तुमच्या जागी मी बसलो असतो तरी हेच झालं असतं. …कळत होतं. …नाही, आज नाही. पहिला तुटला तेव्हाच कळलं. …बदलला, गुपचूप. …दुसऱ्यांदाही. …तुम्ही जेवत नाही हे नव्हतं माहीत. देवाशप्पथ नव्हतं. …पण माहीत असतं तर सांगितलं असतं का, ते… ते मला सांगता येत नाही.

…दाजी? …आहात? …बोला काहीतरी. शिव्या द्या, पण बोला.

…काय? …उरलेली दोन चाकं?

…तेच. …हो. तिन्हींत चौदाच.

घड्याळात पाऊण वाजला होता. गल्ल्यावरचा मालक किल्ल्यांचा जुडगा मेजावर आपटीत होता.

…नाही, एकच बदलून भागेल असं म्हणत नाही. …तिन्ही. तीन बत्तीस शहाण्णव. …बस दोनची, सहाला घरी. एका चाकाला दीड तास, आऊट, म्हणजे चाकाची लचक, काढून दोन. …तीन चाकं म्हणजे… हो, मध्यरात्र. …तुम्ही? …तुम्ही ओवणार स्पोक? …नाही, नको कशाला म्हणू. आजवर कुणाला चाकाला हात लावू दिला नाही, त्याचं काय झालं ते बघतोच आहे. …ओवा. मी शिकवतो, मागून आऊट मी काढतो. …उद्या आठला तुम्ही स्वतः हात मारत जाल. कुणाच्या पाठीवर नाही.

…प्रत्येक? …शहाण्णवच्या शहाण्णव? …लांबीही आणि जाडीही. …आत्ता? फोनवर? …चालेल. ठेवू नका.

काका, बारा नंबर, दोनशे चौसष्ट, शहाण्णव, निपलांसकट. …बत्तीस नाही, शहाण्णव. …शटर अर्धं ओढून घ्या, मी वाकून निघेन. …हात जोडतो. …उपकार झाले. आणि ती तुमची मोजायची पट्टी आणि जाडी मोजायचं गेज इकडे द्या. पुडीत काही टाकू नका, एकेक माझ्या हातात द्या.

त्याने फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. यंत्र पुन्हा करकरू लागले. पहिला स्पोक त्याने पट्टीवर ठेवला आणि वर्गात उभे केलेल्या विद्यार्थ्यासारखा तो मोठ्याने बोलू लागला.

…एक. दोनशे चौसष्ट. जाडी दोन पूर्णांक सहा. …दोन. तेच. …नाही, 'तेच' नको, बरोबर आहे तुमचं. दोन. दोनशे चौसष्ट, दोन पूर्णांक सहा. …तीन. दोनशे चौसष्ट… हो, प्रत्येक वेळी वळणाच्या आतून. …चार…

…अकरा. दोनशे चौसष्ट, दोन पूर्णांक सहा. …बारा. दोनशे चौसष्ट, दोन पूर्णांक सहा. …तेरा…

…तेरा. दोनशे बासष्ट.

…हो. दोन कमी. …निपलमध्ये लपून गेला असता, बसवल्यावर कुणाला दिसला नसता. …नाही, बाजूला टाकला. …काका, हा धरू नका, दुसरा द्या. …द्या हो, मी भरीन याचे. …हां. तेरा. दोनशे चौसष्ट, दोन पूर्णांक सहा.

…दाजी? …काय झालं, ऐकू येत नाही का? …ठेवताय? अजून ऐंशीच्या वर बाकी आहेत. …बरं. …ताट वाढलंय का तिने? …बरं, बरं. …हो. कुणी ऐकत नसलं तरी मोजतो. …ठेवा.