पिंपातलं पाणी

...अहो, हसताय काय! पाणीच होतं त्या पिंपात, साधं नळाचं पाणी! तुम्हाला सांगतो, मी स्वतः भरलं होतं, या हातांनी, गोदामाची फरशी धुवायला म्हणून, आणि वर खडूनं ठळक लिहिलंसुद्धा होतं, 'पाणी'. बावीस वर्षं केमिकलच्या गोदामात स्टोअरकीपर आहे मी, अ‍ॅसिड कुठलं नि पाणी कुठलं कळत नाही होय मला? पण नाही! सेफ्टीच्या मॅडम आल्या, चष्मा वर सरकवला, "काका, खडू चालत नाही आता. नियम बदलला!"

बरं, बदलला तर बदलला. छापील लेबल आणून डकवलं. महिन्यानं पुन्हा हजर. "काका, लाल चौकट हवी. नियम बदलला!" चौकट केली, तर म्हणे आत धोक्याचं चित्र हवं. आता पाण्याला कसलं चित्र काढू? बुडणारा माणूस?... काढला! तर म्हणे माहितीपत्रक कुठाय, पुरवठादाराच्या सहीचं? पुरवठादार कोण, तर नळ! नळाची सही कुठून आणू हो मी?

आणि उद्यापासून माझी रजा, सकाळची गाडी! लेकीला मुलगी झालीय, सहा महिन्यांची झाली, अजून मांडीवर घेतलेली नाही मी तिला. फार जीव तुटतो हो... तीनदा रजा टाकली, तीनदा नियम बदलला, तीनदा साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण निस्तरणार हे?" बायको बॅग भरते, उपसते, पुन्हा भरते. तिनं विणलेल्या स्वेटरमध्ये आता पोरीचा एक हातसुद्धा जायचा नाही.

तर आज तपासणी. मॅडम पिंपासमोर उभ्या. "पत्रक नाही म्हणजे पदार्थ अज्ञात. अज्ञात म्हणजे धोकादायक. निकाल लागेपर्यंत गोदाम बंद, आणि काका, तुम्ही इथेच थांबायचं."

"अहो मॅडम, पाणी आहे ते!"

"कशावरून?"

कशावरून! तुम्हाला सांगतो, डोकंच फिरलं माझं. उचलला ग्लास, बुडवला पिंपात आणि सगळ्यांदेखत गटागटा प्यायलो! मिशा पुसल्या, म्हटलं, "घ्या! पटलं?"

साहेब पांढरेफटक. मॅडम भराभरा नियमांची वही चाळतायत... भोंगा वाजला, गोदाम रिकामं झालं, अ‍ॅम्ब्युलन्स आली, आणि मी हा असा, तुमच्या शेजारच्या खाटेवर! डॉक्टर तपासून म्हणाले, "ठणठणीत आहात." म्हटलं, मग सोडा की! "छे छे, अज्ञात पदार्थ पोटात गेलाय, तीन दिवस देखरेख. पूर्वी एकच दिवस असायची, पण काका, नियम बदलला!"

साहेबांचा निरोपही आला, रजा मंजूर. आजारपणाची!

मघाशी लेकीचा फोन. "बाबा, उद्या नक्की निघताय ना?" मागून ती चिमुरडी काहीतरी बडबडत होती... काय सांगणार लेकीला? हे बघा, मनगटाला काय बांधलंय. छापील आहे, लाल चौकट आहे, डॉक्टरांची सहीसुद्धा आहे, एकदम नियमात. वाचा की, मोठ्यानं वाचा... 'घटक अज्ञात. हलवू नये.'