थोडा तरी गंज

—नाही, ऐकू येतंय ना एवढंच विचारलं, मिस्त्री. तुम्ही गाडीखाली, मला तुमचे नुसते पाय दिसतायत, आणि पायांशी बोलायची मला सवय नाही. मी काय म्हणत होतो, घाई करू नका. सावकाश बघा. गाडी आपल्याला घ्यायचीच आहे, त्याबद्दल वाद नाही — अशी गाडी आता बघायलाही मिळत नाही, हे गोल दिवे, ही पुढची जाळी, हल्लीच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेल्या साबणाच्या डब्या — पण घ्यायची ती डोळे उघडे ठेवून. जुन्या गाडीचा खरा शत्रू कोण? गंज. इंजिन बदलता येतं, टायर बदलता येतात, पण पत्रा आतून खाल्ला गेला की कारभार आटोपला. तेव्हा तुम्ही बाकी काही बघू नका, फक्त गंज शोधा. डाव्या दाराला खालच्या बाजूला आहे, मी आल्या आल्या हेरला. वर बोटाएवढा दिसतोय म्हणजे आत हातभर असणार. असतोच.

मला कळतं त्यातलं. मी वाहन विम्याच्या कचेरीत होतो, नुकसानभरपाईच्या टेबलावर. अख्खी नोकरी तिथंच काढली. लोक फोटो पाठवायचे — गाडी झाडावर आपटली, नाल्यात गेली, कुत्रं आडवं आलं — आणि मी भिंग घेऊन त्या फोटोत गंज शोधायचो. सापडला की खाली लाल शाईत, दावा नामंजूर, कारण गंज. साहेब म्हणायचे, अशी नजर दुसऱ्या कुणाची नाही. एका बाईंची गाडी तर उभी जळाली होती, नुसता सांगाडा उरला होता, त्यातही मी गंज काढून दाखवला. आता जळलेला पत्रा उघड्यावर टाकला की गंजणारच म्हणा, पण ते त्या बाईंना सुचलं नाही. इंजिनसाहेब म्हणायचे मला ऑफिसात. प्रेमानं. कुणाला गाडी घ्यायची झाली की तो आधी माझ्याकडे येणार आणि मी सांगणार, ही नको, तीही नको. आमच्या कॅशियरनं माझं ऐकून शेवटपर्यंत गाडी घेतली नाही. सायकलवरच गेला बिचारा. गेला म्हणजे निवृत्त झाला, आहे अजून.

टण वाजलं ते काय होतं? हातोडीची दांडी? आणि टण हा आवाज चांगला की वाईट? — चांगला. बरं. आणखी पलीकडे ठोका ना. जरा जोरात. पुन्हा टणच? घोळ कुठं झालाय माहितीये का, या गाडीचा मालक दातांचा डॉक्टर आहे. कीड दिसली रे दिसली की खरवडायची आणि भरून टाकायची, ही त्या माणसाची जन्माची खोड, गाडीलाही त्यानं तेच केलं असणार. अशा माणसाकडून गाडी घेण्यात काही मजा नाही. वरच्या मजल्यावर कागद काढून बसलेत दोघं, डॉक्टर आणि आमची ही. जाहिरातही तिनंच शोधली, तुमचं नावही तिनंच सुचवलं. म्हणाली, हे मिस्त्री खोटं बोलत नाहीत. तुम्हाला कुठून ओळखते ती? — पाय का हलले तुमचे? खोकला? असणारच, धूळ किती आहे खाली.

हे हातमोजे होय? निरोप समारंभात दिले सगळ्यांनी मिळून. अस्सल चामडं आहे, बोटांची टोकं उघडी, खास गाडी चालवायचे. तिथंच तर घोटाळा झाला ना. मी भाषणाला उभा राहिलो, टाळ्या पडायला लागल्या, आणि टाळ्या पडायला लागल्या की माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. बोलून गेलो की आता जुनी अस्सल गाडी घेणार आणि बायकोला समुद्रावर नेणार. ही पहिल्याच रांगेत. तिनं टाळ्या नाही वाजवल्या, नुसती बघत राहिली माझ्याकडे. घरी आल्यावर म्हणाली, कधी? आता हे समुद्राचं मी तिला लग्न झाल्यापासून सांगतोय. आधी म्हटलं मुलगी मोठी होऊ दे. मग म्हटलं रस्ते जरा सुधारू देत. मग म्हटलं, हल्लीच्या गाड्यांना मी गाडीच मानत नाही, चालवायची तर जुनी. हे उत्तर झकास होतं, पुष्कळ वर्षं पुरलं. ती जुनी शोधून काढेल हे कुणाला ठाऊक!

चालवून बघू? मी? छे छे, त्याची काय गरज आहे. गाडी चालवून काही कळत नाही, गाडी उभी असताना बघावी. माझा एक मित्र होता, चांगला हुशार, पंचविशीत शिकायला गेला. चौकात गाडी बंद पडली. मागे ट्रक, मागे बस, सगळे भोंगे वाजवतायत, शिकवणारा कानात ओरडतोय क्लच, क्लच, आणि पायांना कळेना कुठला क्लच नि कुठला ब्रेक — तर त्यानं काय केलं, दार उघडलं, खाली उतरला आणि सरळ चालत घरी आला. शिकवणारा तसाच गाडीत. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही हो. आई म्हणाली, आज लवकर आलास, तर मी म्हटलं, आज सुट्टी दिली — म्हणजे, तो म्हणाला. मित्र. त्याच्या आईला.

ठोकत होतात ना तुम्ही? मग ऐकू गेलं नसेल. — गेलं?

असो. ऐकलंच आहे तर आता आडपडदा कशाला. मिस्त्री, गंज आहे ना? थोडा तरी? — वरवरचा? घासून निघेल? अहो, असं नका म्हणू. नीट बघा, डिकीत बघा, चटईखाली बघा, एवढी म्हातारी गाडी आणि कुठंच सडलेली नाही हे पटतं तरी का तुम्हाला? तुम्ही तिच्यासमोर एवढंच म्हणायचं, साहेब, चासी गेलीय, खालचा सांगाडाच सडलाय. बास. पुढचं मी सांभाळतो. हळहळेन, दाराला हात लावून जरा उभा राहीन, म्हणेन आपल्या नशिबात नव्हती. भीती वाटते हो मला. फोटोतल्या गाडीची कधी वाटली नाही, पण ही समोर उभी आहे तर तळहाताला घाम सुटलाय, हे बघा, मोजे ओले झाले. आणि भीतीपेक्षा लाज. ती शेजारी बसणार, आवरून सावरून, डब्यात खायला घेऊन, आणि मी पहिल्याच चौकात — नको. त्यापेक्षा गंज बरा. गंजाला कुणी हसत नाही.

आणि तिचं काही अडणार नाही, मजेत आहे ती. हल्ली रोज सकाळी फिरायला जाते, कॅनव्हासचे बूट घालून. परत येते ती कशी, घामाचा थेंब नाही, स्वारी खुशीत. फक्त डावा पाय दुखतो म्हणते. पोटरी. मी तेल लावून देतो. आता चालून एकच पाय कसा दुखेल, पण म्हटलं आपण कशाला विचारायचं. परवा बसमध्ये चढावर गाडीनं जरा आचके दिले तर मला म्हणते, यानं गिअर उशिरा टाकला. बघा! माझ्या सहवासात राहून किती तयार झाली.

आले वाटतं. जिन्यावर पावलं वाजली. निघा बाहेर, उठा, आणि लक्षात ठेवा, चासी. — या डॉक्टर, या. अगं, बातमी काही बरी नाही. मिस्त्रींनी सगळं बारकाईनं बघितलं. सांगा मिस्त्री. नाही, स्पष्ट सांगा, मी मन घट्ट केलंय. — काय? पुन्हा म्हणा. — तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त टिकेल? मिस्त्री, आपलं बोलणं काय झालं होतं — म्हणजे काही झालं नव्हतं, अगं, सहज आपलं, हवापाण्याच्या गप्पा.

चावी इकडे. डॉक्टर, इकडे, गाडी मी — अहो, तिच्या हातात कशाला देताय? आणि मिस्त्री, तुम्ही तिला काय सांगताय, बाई, हिचा क्लच सकाळच्या गाडीपेक्षा वर लागतो? सकाळची कुठली गाडी? कुणाच्या सकाळची? मी इथं मघापासून तुमच्यापुढं जीव मोकळा करतोय आणि तुम्ही गाडीखाली — अगं, ती बाजू चालवणाऱ्याची आहे. तू त्या बाजूला काय — हे बूट तेच ना?

चालू झाली.

बंद नाही पडली.

कुठं? आत्ता? अगं, आधी पैसे द्यायचे, सह्या व्हायच्यात — झाल्या? वरतीच? बरं, येतो, पण हे माझ्या बाजूचं दार उघडत नाहीये, गंजानं धरलंय, बघा मिस्त्री, मी पहिल्यापासून म्हणत होतो, डाव्या दाराला — हां. तू आतून ढकललंस होय. उघडलं.

बसलो. काय देऊ? हे? माझे आहेत ते, निरोप समारंभात — घे. ओले आहेत जरा. बसले की तुला अगदी बरोबर.

हो, लावलं दार. नाही गं, काही बोलत नाहीये मी.