न्यायालयानं न पाहिलेलं चित्रण

जमलेल्या वकील मंडळींनो, चाकणहून शिफ्ट संपवून आलेल्या भावांनो, चिखलीतल्या माझ्या बायांनो,

मी सविता. मला माइकवर बोलायची सवय नाही. चारचौघांत बोलले ती फक्त साक्षीच्या वेळी. तेव्हा आमच्या वकील नलिनीताई समोर होत्या. आज समोर त्यांचा हार घातलेला फोटो आहे. कसं बोलू?

काहींना माहीत नसेल, म्हणून सांगते. माझे मिस्टर, संजय, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो बंद होता. संजय मशीनमध्ये सापडले. गेले. कंपनी म्हणाली, सेन्सर त्यांनीच बंद केला. गेलेला माणूस काय उत्तर देणार?

पण कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. संजय सुपरवायझरला सेन्सर दाखवतायत, आणि तो हातानंच खूण करतोय, चालव. ऑफिसात साहेबांनी ते चित्रण लावलं, तेव्हा संजयसोबत काम करणाऱ्या दत्ताभाऊंनी ते आपल्या मोबाइलवर घेतलं. त्यांची नोकरी गेली. तरी त्यांनी ते नलिनीताईंच्या हातात दिलं.

मी विचारलं, "ताई, आता तरी खरं बाहेर येईल ना?"

ताईंनी ते चित्रण पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "कॅमेरा कंपनीचा. त्यामुळे चित्रण अस्सल आहे असा दाखला कंपनीकडूनच यायला हवा."

"म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्यानंच सही करायची?"

"हो बाई. माझं भांडण तिथंच आहे."

आणि त्या भांडल्या. दाखला द्यायचा हुकूम करा म्हणून न्यायालयात अर्ज केला. कंपनीनं सांगितलं, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र बिघडलं, भंगारात गेलं. संपलं. दाखला नाही म्हणून न्यायालयानं चित्रण पाहिलंच नाही. खटल्यातून सुपरवायझर निर्दोष सुटला.

मधल्या काळात पुराव्याचा कायदा बदलणार अशी बातमी आली. ताईंना केवढी आशा! सांगवीतल्या त्यांच्या घरी बसून त्यांनी सूचना लिहून पाठवल्या. कॅमेरा आरोपीच्या ताब्यात असेल, तर दाखल्यासाठी पीडितांना अडवू नका, एवढंच मागणं. नवा कायदा आला. दाखल्याची अट तशीच राहिली. वर आता तज्ज्ञाचीही सही लागते. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "सविता, दार उघडायला गेले, तर आणखी एक कडी लागली गं." मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तरीही अपील त्यांनीच तयार केलं. अंथरुणावर पडून. शेवटच्या आठवड्यात मी मुलीला घेऊन भेटायला गेले. मुलीनं विचारलं, "पप्पांचं चुकलं होतं का?"

ताईंनी तिचा हात धरला. "नाही बाळा. मी पाहिलंय."

"मग कोर्टानं का नाही पाहिलं?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. 

वकील मंडळींनो, तो प्रश्न आता तुमच्याकडे आहे. ताईंचं कौतुक खूप झालं. अपील उभं आहे, त्याला वकील नाही. कायदा अर्धवट आहे, त्याच्याशी भांडणारं माणूस नाही. ताईंच्या जागी कोण उभं राहणार? लगेच सांगू नका. विचार करून सांगा.

आता सगळ्यांनी उभं राहू या. ताईंसाठी थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.